आवाज न करणारी माणसे

हिवाळ्यात आमच्या घरात सर्वांत आधी जागी व्हायची ती फर्नेस. खाली बेसमेंटमध्ये ती धडधडून सुरू झाली की पत्र्याच्या नळ्यांमधून गरम हवा वर यायची आणि जमिनीतल्या जाळ्यांवर वाळत टाकलेले आमचे मोजे हलायला लागायचे. त्याच नळ्यांतून आवाजही वर येत. खाली कोणी नळ सोडला, खुर्ची सरकवली, पातेल्यावर झाकण ठेवले, तर ते वर दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला कळत असे. कॅनडातल्या वॉटर्लूमधली त्या काळातली बरीच घरे अशीच बांधलेली होती. बेसमेंट भाड्याने द्यायचे ठरले तेव्हा बाबांना बाकी कशाची काळजी नव्हती, या नळ्यांची होती. ते सॉफ्टवेअर कंपनीत होते, घरी आल्यावर त्यांना शांतता लागे, आणि शांतता ही त्यांच्या मते सभ्य माणसाची पहिली खूण होती. ते पुण्याचे. आई नागपूरची. तिच्या माहेरी दोन माणसे एका खोलीत असली तरी शेजारच्याला चार असल्यासारखी वाटत, असे बाबा म्हणत, आणि आई म्हणे, "हो ना, अन् तुमच्याकडं चार असली तरी कोणी मेलंय का म्हणून लोक विचारत येतात."

जागा पाहायला जोझेलीन आली ती छातीशी बाळ बांधून. उंच, सावकाश बोलणारी बाई. बुरुंडीची. बुरुंडी कुठे आहे हे आम्ही ती गेल्यावर माझ्या शाळेच्या ॲटलासमध्ये शोधले. ती एका वृद्धाश्रमात काम करत होती, सकाळच्या पाळीला. बाबांनी तिला फर्नेस दाखवली, वॉशिंग मशीन दाखवले, मागचे दार दाखवले आणि शेवटी इंग्रजीत म्हणाले, "एकच अट आहे. आवाज नको."

तिने झोपलेल्या बाळाकडे पाहिले. "आम्ही आवाज न करणारी माणसं आहोत, सर."

हे उत्तर बाबांना इतके आवडले की पुढे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या जिममध्ये मांडलेल्या टेबलांभोवती पुलाव खाताना, ते लोकांना सांगत. भाडेकरू मिळावा तर असा.

तिचे इथले राहणे कशावर उभे होते, हे मला बऱ्याच उशिरा समजले. निर्वासित म्हणून आश्रय मिळावा असा अर्ज तिने आल्या आल्या केला होता आणि तो नामंजूर झाला होता. नियमाप्रमाणे तिला परत पाठवायला हवे होते. पण तिच्या देशात यादवी चालू होती, आणि अशा काही देशांत कोणालाच परत पाठवायचे नाही अशी तात्पुरती स्थगिती सरकारने घातलेली होती. म्हणजे जायचा हुकूम तिच्या नावावर होता आणि तो अमलात येत नव्हता. दरवर्षी कामाचा परवाना नव्याने घ्यायचा, दरवर्षी तो मिळायचा. अशी वर्षे गेली की माणूस त्याला आयुष्य समजायला लागतो. तिची मुलगी केझा इथेच जन्मली होती, त्यामुळे ती कॅनडाची नागरिक होती. केझाचा बाप मॉन्ट्रियलला होता आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नसे.

केझा आमच्या पायांखाली वाढली. तिचे रडणे मला आठवत नाही. चालायला लागली तीच चवड्यांवर, कारण जोझेलीनने तिला तसेच शिकवले. कधी काही पडले, कधी ती हसत सुटली, तर बाबा वाचता वाचता टाच जमिनीवर दोनदा आपटत. रागाने नाही, दारावर टकटक करावी तसे. खालचा आवाज लगेच बंद होई. "अहो, पोर आहे ती," आई म्हणे. "मी कुठे काय म्हटलं?" बाबा म्हणत. आणि खरेच, ते कधी काही म्हणाले नाहीत. जिन्यात केझा भेटली की आई मात्र तिला हाताला धरून सांगे, "हळू, बाळ, हळू." केझाला मराठीतला हा एकच शब्द येत होता. तो ती आमच्या मांजरालाही म्हणायची.

आईची आणि जोझेलीनची ये-जा जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत होती. तिथे डबे ठेवले जात. आईने पाटवडीचा रस्सा पाठवला की तोच डबा दोन दिवसांनी धुऊन, भरून परत यायचा. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे जोझेलीनला कोणी सांगितलेले नव्हते. तिच्याकडची पद्धतही तीच होती. एकदा कसल्याशा पानांची भाजी आली. आईने बोटाने चाखून पाहिली आणि ओरडली, "अगं मनू, यात दाण्याचं कूट आहे! बाप्पा, ही तर आपल्यातलीच निघाली." त्या दिवसापासून ती तिला जोसू म्हणायला लागली. जोझेलीन तिला मादाम म्हणे. "मादाम काय, मी काय फ्रेंच आहे का?" असे आईने कितीदा तरी सांगितले, पण ते बदलले नाही. दोघींचे इंग्रजी वेगवेगळ्या ठिकाणी अडखळणारे होते आणि तरी त्यांचे एकमेकींशी भागत असे. मी इथे ते मराठीत लिहिते आहे म्हणून सुरळीत वाटते, प्रत्यक्षात ते तेवढे सुरळीत नव्हते.

बातमी आली त्या दुपारी आई दाणे भाजत होती. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर गणिते सोडवत होते. जोझेलीन जिना चढून वर आली आणि दारात उभी राहिली. एरवी ती बोलावल्याशिवाय वर येत नसे.

"मादाम, सरकार म्हणतंय, माझा देश आता ठीक आहे."

आईला ती आनंदाची बातमी वाटली. "वा! मग जाऊन ये ना एकदा. केझाला दाखवून आण सगळ्यांना."

"जाऊन येता येत नाही, मादाम. फक्त जाता येतं."

आईने गॅस बंद केला. दाणे करपल्याचा वास खोलीभर पसरला होता. स्थगिती उठली होती. ज्यांच्यावर हुकूम होते त्यांना काही महिन्यांची मुदत होती. त्या मुदतीत माणुसकीच्या आधारावर इथेच राहू द्या असा अर्ज करायचा. आपण इथे रुजलो आहोत हे दाखवायचे. अर्जावर निर्णय होईपर्यंत कोणी हात लावणार नव्हते. निर्णय विरुद्ध गेला तर जावे लागणार होते.

जोझेलीनने दोन्ही गोष्टींची तयारी एकदमच सुरू केली. एकीकडे कायदा साहाय्य केंद्रातल्या वकीलबाईंकडे खेपा. दुसरीकडे, आपल्याला जावे लागले तर केझाचे काय, याचा विचार. ती आईशी हे अशा आवाजात बोलायची की जणू पाहुण्यांच्या जेवणाचे ठरते आहे. तिकडे बुरुंडीत, बुजुंबुरा शहरात, तिची एक बहीण उरली होती, तिच्या घरात आधीच माणसे मावत नव्हती. केझाला तिथली भाषा येत नव्हती. ठरले असे की केझा आमच्याकडे राहील. निदान प्राथमिक शाळा संपेपर्यंत. वकीलबाई पालकत्वाचे कागद करून देणार होत्या. आई बाबांना विचारायला गेली तेव्हा ते क्षणभरही थांबले नाहीत. "राहू दे की. तिचा काय त्रास आहे?"

मग शनिवारी सकाळी वेणी घालण्याचे शिक्षण सुरू झाले. केझा स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची, मांडीवर मांजर. जोझेलीन केसांचे भाग पाडून दाखवायची आणि आई एकेक बट हातात घ्यायची. आईला मुलींच्या वेण्या घालण्याचा अभिमान होता. पहिल्या दिवशी तिने सवयीने खोबरेल तेलाची बाटली उघडली.

"नको, मादाम! एवढं तेल? मुलगी आहे, भजी नाही."

"अगं, तेलाशिवाय केस वाढतात का?"

"तेलानं वेणी सुटते. शाळेत आठवडाभर टिकली पाहिजे."

"मनूच्या आजीनं हे ऐकलं असतं तर तुला घरात घेतलं नसतं, जोसू."

केझा खुदखुदली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. बाबा बाहेर बसले होते. आईची वेणी पहिल्यांदा सोमवारपर्यंतही टिकली नाही. महिन्याभराने ती शुक्रवारपर्यंत टिकायला लागली. जोझेलीन येऊन बोटांनी चाचपून बघायची आणि मान हलवायची. बरे झाले की वाईट, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नसे. मला आज वाटते, आईचा हात बसत चालला आहे हे पाहणे तिला सोपे गेले नसावे.

अर्जाला ओळखीच्या लोकांची पत्रे जोडायची होती. वृद्धाश्रमाने दिले, चर्चने दिले, शाळेने दिले. वकीलबाई म्हणाल्या, घरमालकांचे हवे, ती इतकी वर्षे तिथे राहते आहे. बाबांनी ते काम मनावर घेतले. रविवारची पूर्ण दुपार त्यांनी टेबलाशी घालवली. असे पत्र गोपनीय असते, ज्याच्याबद्दल लिहायचे त्याने ते वाचायचे नसते, हे त्यांच्या अंगात कॉलेजपासून मुरलेले होते. म्हणून त्यांनी पाकीट चिकटवले, जोडावर सही केली आणि तसेच ते जोझेलीनच्या हातात दिले. तिने दोन्ही हातांनी घेतले. "थँक यू, सर." बाबांना समाधान वाटत होते, ते त्यांच्या बसण्यावरून दिसत होते.

निर्णय यायला दुसरा हिवाळा उजाडला. दिवसभर बर्फ पडत होते आणि बाबा सकाळी ड्राइव्हवेवरचे बर्फ फावड्याने काढून ऑफिसला गेले होते. वकीलबाईंनी शेजारच्या किचनर शहरात बोलावले, तेव्हा जोझेलीनबरोबर आई गेली आणि आईला समजावून सांगायला मला शाळा बुडवून नेले. वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी आधी सांगितले की अर्ज नामंजूर झाला आहे, आणि मग कारणे वाचायला सुरुवात केली. मी एकेक वाक्य मराठीत करून आईला सांगत होते. अर्जदाराला नोकरी आहे, हे मान्य. अपत्य इथे जन्मले आहे, हे मान्य, परंतु ते लहान असल्याने नव्या ठिकाणी रुळू शकेल. चर्चचे पत्र पाहिले. मात्र अर्जदार ज्यांच्या घरात इतकी वर्षे राहते त्या घरमालकांच्या म्हणण्यानुसार ती कोणात मिसळत नाही, तिच्याकडे कोणी येत-जात नाही, आणि ती घरात आहे हेही जाणवत नाही. तिला सर्वांत जवळून पाहणाऱ्यांचे हे म्हणणे असल्याने त्याला अधिक वजन दिले आहे. अर्जदार इथल्या समाजात रुजली आहे असे दिसत नाही.

"हे कोण बोललं?" आईने विचारले.

"बाबा," मी म्हणाले.

जोझेलीन ते बाबांचे शब्द पहिल्यांदाच ऐकत होती. तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले होते, ते ती पुन्हा घालायला लागली. वकीलबाई म्हणाल्या की त्यांनी ते पत्र वाचले होते. मुदत संपत आली होती, आणि पत्र त्यांना चांगल्या मनाने लिहिलेले वाटले होते. थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, ते चांगल्या मनानेच लिहिलेले आहे.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा आईने त्यांना बूटही काढू दिले नाहीत.

"अहो, काय लिहिलंत तुम्ही तिच्याबद्दल?"

"चांगलंच लिहिलं. कुणाच्या अध्यात ना मध्यात. कधी तक्रार नाही, कधी कटकट नाही. खाली कोणी राहतंय हे कळतसुद्धा नाही. याहून चांगलं काय लिहितात माणसाबद्दल?"

"तिला इथं राहायचं होतं! कळायला नको होतं का ती आहे म्हणून?"

"अगं, आपण स्वतः असेच राहतो इथे. आजवर एका शेजाऱ्याची तक्रार नाही. आपल्याला कोणी नावं ठेवली नाहीत."

"आपल्याला कोणी नावानं ओळखतं तरी कुठं?"

बाबा दारातल्या पायपुसण्यावर उभे होते. बुटांवरचे बर्फ वितळून त्यांच्याभोवती पाणी साचत होते. त्यांनी खाली पाहिले. मग खालच्या आवाजात, जणू नळ्यांतून ऐकू जाईल म्हणून, ते म्हणाले, "मी दुसरं लिहितो."

दुसऱ्या पत्रासाठी त्यांना माहिती लागत होती आणि ती त्यांच्याकडे नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि त्यांनी जोझेलीनला वर बोलावले. ती दोन पायऱ्या खाली उभी राहिली. मी पलीकडे भांडी पुसत होते.

"रविवारी तुम्ही कुठे जाता?"

"चर्चला, सर."

"तिथे काय करता?"

"गाते, सर."

"म्हणजे सगळ्यांबरोबर?"

"मी शिकवते, सर. गाणाऱ्यांना."

"केव्हापासून?"

"इथे आले तेव्हापासून, सर."

बाबा लिहून घेत होते. ती अधिकाऱ्याला द्यावीत तशी उत्तरे देत होती, विचारले तेवढीच, शांतपणे. बाबांनी वही मिटली तेव्हा ती "थँक यू, सर" म्हणाली आणि खाली गेली.

त्या रविवारी मी तिच्याबरोबर चर्चला गेले. वकीलबाईंना तिथल्या आणखी काही लोकांच्या सह्या हव्या होत्या आणि जोझेलीनला ते स्वतः मागायला अवघड वाटत होते. एका जुन्या इमारतीतला हॉल होता, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचे भांडे. बायका उभ्या राहिल्या, जोझेलीन त्यांच्यासमोर गेली आणि तिने सुरुवात केली. इतकी वर्षे ज्या बाईचा खोकला मी ऐकला नव्हता तिचा आवाज तो हॉल भरून खिडक्यांच्या काचांपर्यंत जात होता. तो गोड नव्हता. तो मोठा होता, खरखरीत, आणि त्याला कोणी अडवत नव्हते. माझ्या शेजारी केझा खुर्चीवर उभी राहून तितक्याच जोरात गात होती आणि पाय आपटत होती. सह्या मागायला गेले तेव्हा लोकांनी मला विचारले, तू कोण? मी म्हणाले, त्या आमच्याकडे राहतात. एक म्हातारी बाई म्हणाली, "मग तुम्हाला रोज ऐकायला मिळत असेल." मी सह्यांचा कागद तिच्यापुढे धरला.

बाबांचे दुसरे पत्र चांगले होते. त्यात जोझेलीन होती. ते त्यांनी मला दाखवले आणि विचारले, "आता बरोबर आहे ना?" वकीलबाईंनी प्रकरण कोर्टात नेले. पण कोर्टात नव्याने काही मांडता येत नाही, अधिकाऱ्याने निर्णय दिला तेव्हा त्याच्यासमोर जे होते तेवढेच तिथे पाहिले जाते. दुसरे पत्र कोणी वाचले नाही. कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. परत गेल्यास तिच्या जिवाला धोका आहे का, याची वेगळी तपासणी झाली, तीही विरुद्ध गेली. मग तिला बोलावून विमानाची तारीख सांगण्यात आली. यातला एकही माणूस तिच्याशी उद्धटपणे बोलला नाही, हे तिने आम्हाला आवर्जून सांगितले.

पालकत्वाच्या कागदांवर सह्या करायच्या दिवशी आईने टेबल पुसून ठेवले होते. बाबा रजा घेऊन थांबले होते. जोझेलीन वर आली, खुर्चीवर बसली आणि तिने कागद आईकडे सरकवले.

"केझा माझ्याबरोबर येईल, मादाम."

आईला आधी समजलेच नाही. "अगं, पण ठरलंय ना आपलं? तिथं तिची शाळा कशी होणार? तिला बोलता येत नाही तिथलं."

"शिकेल."

"जोसू, मला वेणी येते आता. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं. माझ्याहून चांगली घालता." जोझेलीनने आईचा हात धरला. मग ती बाबांकडे पाहून बोलली, आवाज न चढवता. "सर, तुम्ही चांगली माणसं आहात. ती इथे नीट राहील. तिला जेवायला मिळेल, कोणी रागावणार नाही. आणि ती इथे आहे हे कोणाला जाणवणार नाही."

फर्नेस सुरू झाली आणि जाळीवरचा मोजा हलला. जोझेलीन उठली आणि तिने खुर्ची उचलून, फरशीला न घासता, टेबलाखाली ठेवली.

हे सगळे माझ्या आईवडिलांच्या आयुष्यात किती खोल गेले याचा मला अंदाज आहे, पण त्यांनी तो विषय पुढे कधी काढला नाही, म्हणून मीही त्याबद्दल अधिक लिहीत नाही. बाबा आता निवृत्त आहेत. बेसमेंट नंतर विद्यापीठातल्या मुलांना दिले, पुण्याची, हैदराबादची. ती रात्रंदिवस धिंगाणा घालत. बाबांची टाच मी पुन्हा ऐकली नाही. जोझेलीनचे दोन-तीन फोन आले, मग नंबर बदलला असावा.

जायच्या दिवशी चर्चची गाडी दुपारी यायची होती. आईने सकाळी केझाची वेणी घातली, आठवडाभर टिकेल अशी, आणि भाजलेल्या दाण्यांचे कूट पिशवीत बांधून दिले. जोझेलीनने आमचे राहिलेले डबे वर आणून ठेवले. प्रत्येकात काही ना काही होते, एकात नुसती साखर. केझा कोट-टोपी घालून जिन्याच्या वरच्या पायरीवर मांजराला धरून बसली होती. बाबा खालून त्या दोघींची मोठी बॅग आणायला गेले. ती जड होती. ते तिच्या दांड्याला धरून एकेक पायरी ओढत होते आणि चाके प्रत्येक पायरीवर आदळत होती. तो आवाज घरभर, नळ्यांतून, खोल्यांतून जात होता.

केझाने मांजर खाली ठेवले आणि ओठांवर बोट धरले.

"हळू, अंकल," ती कुजबुजली. "हळू."

बाबा थांबले. मग त्यांनी बॅग दोन्ही हातांनी छातीशी उचलून धरली आणि उरलेल्या पायऱ्या ते आवाज न करता चढले.